केस, वाफ आणि लाख

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं, त्यात समुद्रावरून आलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांसाठी एक शब्द आहे : टोपीकर. पोर्तुगीज असोत, इंग्रज असोत की डच, सगळे टोपीकर. गंमत अशी, की उघड्या डोक्यानं तेव्हा आपल्याकडेही कुणी हिंडत नव्हतं. पण आपलं पागोटं म्हणजे लांबलचक कापड. ज्याच्या डोक्याला गुंडाळाल त्याच्या मापाचं होणार. टोपीकरांच्या डोक्यावर होतं ते आधीच आकार घेऊन आलेलं, आणि नीट पाहिलं असतं तर ते कापडही नव्हतं. त्याला ताणा नव्हता, बाणा नव्हता, कुठे शिवण नव्हती. त्या काळातली भारी हॅट बीव्हर नावाच्या, कॅनडाच्या नद्या-तळ्यांत राहणाऱ्या प्राण्याच्या केसांची असे. केस एकमेकांत इतके गुरफटवलेले, की त्यांचा मऊ तरी चिवट असा एकसंध थर तयार व्हावा. या थराला फेल्ट म्हणतात.

आपल्याला हा प्रकार अगदीच परका नाही. काश्मिरी नमदा हे फेल्टच. न विणता, लोकर मळून-घोटून केलेल्या घोंगडीला जुन्या मराठीत बुरणूस म्हणत. आणि लोकरीचा स्वेटर ज्यांनी एकदा तरी कढत पाण्यात बुडवून, साबण लावून खसाखसा चोळला आहे, त्यांनी घरच्या घरी फेल्ट बनवलेलं आहे. बापाचा स्वेटर लेकाला घट्ट होतो, टाके दिसेनासे होतात आणि हाताला पुठ्ठा लागल्यासारखा होतो. कितीही ओढला तरी तो परत मोठा होत नाही.

का होत नाही, याचं उत्तर केसात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लोकरीचा किंवा सशाचा केस पाहिला तर त्यावर खवले दिसतात, कोकणातल्या घराच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले, सगळ्यांची तोंडं टोकाच्या दिशेला. गरम पाण्यानं हे खवले उचलले जातात. मग चोळाल, दाबाल, तसा केस एकाच दिशेनं, मुळाच्या बाजूला, पुढे सरकतो. मागे यायला जावं तर खवले शेजारच्या केसांत अडकतात. हजारो केस असे एकमेकांत शिरत गेले की थर आटतो, घट्ट होतो. फेल्ट एकेरी रस्त्यावरची वाहतूक आहे म्हणा ना.

हॅटचं बाकी सगळं, म्हणजे ती कशाची आहे, कुणाच्या मापाची आहे, तिला खळी कुठे आणि कशी पाडावी, हे या केसापासून सुरू होतं. आणि ते वाचायचं असेल तर हॅट उलटी करावी लागते.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला एक करडी हॅट मिळाली. पितळी कुलपं, ग्रामोफोनचे कर्णे आणि फुटका हार्मोनियम यांच्या मध्ये ती काठावर टेकवून ठेवलेली होती, त्यामुळे काठाला समोरून पाणी प्यायलेल्या पापडासारखा बाक आला होता. विकणाऱ्यानं ती झटकून दाखवली, “इंग्लिश माल आहे साहेब” असंही म्हणाला. मी ती उलटी केली. आत डोक्याला टेकणारी चामड्याची पट्टी असते, तिला आपण घामपट्टी म्हणू. ही पट्टी फक्त खालच्या कडेला शिवलेली असते. वरची कड मोकळी. बोटानं ती बाहेर वळवली की हॅटचा खरा दस्तऐवज उघडतो. तिथे मागच्या बाजूला, जिथे पट्टीची दोन टोकं जुळतात, तिथे बहुधा मापाची बोटभर कागदी चिठ्ठी असते. माझ्या हॅटमध्ये ती होती : ७ १/८. आणि आणखी काही होतं. वर्तमानपत्राच्या घड्या घालून केलेल्या दोन लांब पट्ट्या, पिवळ्या पडलेल्या, पुढे आणि मागे सरकवलेल्या. एका पट्टीवर केसांच्या तेलाच्या जाहिरातीचा मराठी तुकडा होता आणि किंमत आण्यांत होती. आपल्याकडे दशमान नाणी १९५७ मध्ये आली, त्यामुळे कागद तरी बहुधा त्याच्या आधीचा. मी पट्ट्या काढून खिशात ठेवल्या, घासाघीस केली आणि हॅट घरी आणली.

पहिला प्रश्न : ही कशाची? फेल्टच्या हॅटमध्ये दोन जाती. एक लोकरीची, म्हणजे मेंढीची. दुसरी फरची, म्हणजे ससा, रानससा, बीव्हर किंवा दक्षिण अमेरिकेतला न्युट्रिया यांच्या अंगाला लागून असलेल्या बारीक मऊ केसांची. वरचे राठ केस काढून टाकावे लागतात, ते फेल्ट होत नाहीत. दोन्हींच्या किमतीत पुष्कळ अंतर असतं आणि मराठीत ‘टोपी घालणे’ या वाक्प्रचाराला जो अर्थ आहे तो या अंतराच्या जागी नेमका घडतो.

ओळखायचं कसं? आधी काठ दोन बोटांत धरा. फरचं फेल्ट पातळ असूनही दाट लागतं, लोकरीचं जाड आणि किंचित भुसभुशीत. फरच्या काठाला हलकेच वाकवून सोडलं तर तो चटकन जागेवर येतो; लोकरीचा एक तर कडक खळ दिल्यामुळे ताठ असतो, नाहीतर वाकलेलाच राहतो. मग उजेडात आडवं धरून पृष्ठभाग पाहा. लोकरीचे तंतू जाडसर, नागमोडी. बारीक कुसळांसारखे वर आलेले दिसतात. फरचा पृष्ठभाग साबरासारखा, नाहीतर चांगल्या बीव्हरचा असेल तर मांजरीच्या कानामागच्या लवेसारखा. शेवटची परीक्षा पाण्याच्या थेंबाची. काठाच्या खालच्या बाजूला बोटानं एक थेंब ठेवा. फरवर तो बराच वेळ मण्यासारखा बसून राहतो, लोकर त्याला लवकर पिते. ओल्या लोकरीला घोंगडीचा ओळखीचा वास येतो, तो एकदा आला की आणखी पुरावा नको. जाळून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये. केस कुठलाही असो, जळाल्यावर वास सारखाच येतो, आणि हॅटला भोक मात्र पडतं.

अमेरिकी हॅटच्या आत कधी कधी एकापुढे एक फुल्या छापलेल्या असतात. जितक्या जास्त फुल्या तितका बीव्हरचा अंश जास्त, असा समज आहे. प्रत्येक कारखान्याचं फुल्यांचं गणित वेगळं आणि काळानुसार बदललेलं, त्यामुळे दोन कंपन्यांच्या फुल्या शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. माझ्या हॅटमध्ये फुल्या नव्हत्या. थेंब बसून राहिला. फर होती, बहुधा सशाची.

बीव्हरची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण त्या केसांसाठी एका खंडाचा नकाशा बदलला. बीव्हरच्या मऊ केसांवरचे खवले फेल्टला फारच सोयीचे असतात. युरोपातले बीव्हर मारून संपत आले तेव्हा व्यापारी उत्तर अमेरिकेकडे वळले. १६७० मध्ये स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी वाढली ती याच कातड्यांवर. त्यातही सगळ्यांत भाव होता तो वापरलेल्या कातड्याला. तिथले मूळ रहिवासी बीव्हरच्या कातड्यांचे अंगरखे केस आतल्या बाजूला ठेवून वर्ष-दीड वर्ष अंगावर वापरत. अंगाच्या घर्षणानं राठ केस गळून जात, घामा-तेलानं मऊ केस फेल्टसाठी तयार होत. लंडन-पॅरिसच्या उमरावाच्या डोक्यावर जे झळकायचं ते आधी कुणा शिकाऱ्याच्या पाठीवर मुरलेलं असे.

सशाचे केस एवढे आयते तयार नसतात. त्यांचे खवले उठवण्यासाठी कातड्यांवर पाऱ्याचं नायट्रेट चोळत. सुकल्यावर केसांची टोकं नारिंगी दिसत, म्हणून या क्रियेला इंग्रजीत गाजरावरून नाव पडलं. पुढे वाफाळलेल्या, कोंदट खोलीत तेच केस चोळता-दाबताना पाऱ्याची वाफ कारागिरांच्या छातीत जात राही. हात थरथरायचे, दात हलायचे, आणि माणूस लाजाळू, भित्रा, मध्येच चिडका व्हायचा. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी या हॅटच्या गावात या थरथरीला गावाच्याच नावानं ओळखत. लुईस कॅरलच्या १८६५ च्या ‘अ‍ॅलिस’मधला टोपीवाला सगळ्यांना माहीत असतो, टोपीवाले वेडे असतात ही म्हण मात्र त्या पुस्तकाच्या आधीपासून इंग्रजीत होती. अमेरिकेत हॅटच्या धंद्यात पारा बंद झाला तो डिसेंबर १९४१ मध्ये. म्हणून त्याच्या आधीची हॅट हाती आली तर ती बंद खोलीत वाफेवर धरू नये, खिडकी उघडावी, आणि घासपूस झाल्यावर हात धुवावेत. माझी हॅट मी गॅलरीत नेऊनच वाफवली.

आता कारखान्याचा एक टप्पा, कारण तो पाहिल्याशिवाय माथ्यावरची खळी समजत नाही. स्वच्छ केलेले केस हवेत उडवून तांब्याच्या, बारीक भोकं असलेल्या, फिरत्या शंकूवर बसवतात. आतून हवा ओढलेली असते, त्यामुळे केस शंकूला चिकटतात. गरम पाण्याचा फवारा मारला की केसांचा एक भला मोठा, हात लावला तर फाटेल असा नाजूक शंकू सुटून येतो. हा शंकू गुंडाळायचा, भिजवायचा, दाबायचा, पुन्हा उलगडायचा, पुन्हा गुंडाळायचा. दोन-तीन पट मोठा असलेला शंकू आटत आटत हॅटच्या आकाराला येतो. इटलीतल्या अलेस्सांद्रिया गावात १८५७ पासून हॅट बनवणारी बोर्सालिनो कंपनी सांगते, की एका फेल्ट हॅटला सुमारे सात आठवडे लागतात. रंगवून झालेला शंकू मग वाफवून लाकडी ठोकळ्यावर ओढतात, दोरीनं आवळतात, वाळवतात. माथा तयार. काठ वेगळ्या लाकडी कड्यावर इस्त्रीनं आणि गरम वाळूच्या पिशवीच्या दाबानं बसवतात. म्हणजे हॅटला आकार देणाऱ्या गोष्टी दोनच, ओल आणि ऊब. आणि तो बिघडवणाऱ्या गोष्टीही त्याच.

आकार टिकवायला तिसरी एक गोष्ट लागते, आणि ती आपल्या जंगलातून जाते : लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे कवच करतात ते खरवडून, वितळवून, गाळून चपड्याचे पातळ पापुद्रे तयार होतात. झारखंड-छत्तीसगडच्या बाजारांतून हा चपडा जगभर गेला. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या त्याच्या, सुताराचं पॉलिश त्याचं, आणि इंग्रज साहेबाची कडक हॅटही त्याच्याच जोरावर उभी. टॉप हॅटचा आतला सांगाडा म्हणजे लाखेत भिजवून कडक केलेलं सुती कापड. त्यावर चमकदार रेशमी प्लश चढवलेलं. मऊ फेल्टच्या हॅटलाही थोडी लाख पाजलेली असते. हिला वाफ लागली की ती नरमते, थंड झाली की पुन्हा धरते. आपण घरी हॅटला खळी पाडतो ती या नरम आणि कडक यांच्या मधल्या अर्ध्या-एक मिनिटात.

बोलर हॅटमध्ये लाख इतकी, की ती बोटानं वाजवली तर टकटक वाजते. १८४९ मध्ये नॉरफकमधल्या कोक घराण्यातल्या एकानं लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या लॉक कंपनीकडे मागणी केली. घोड्यावरून जाताना रखवालदारांच्या उंच टोप्या फांद्यांना अडकून पडतात, तेव्हा बुटकी, टणक, डोक्याला घट्ट बसणारी हॅट हवी. नमुना आल्यावर त्यानं ती जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय दिला आणि ती मोडली नाही म्हणून बारा शिलिंग मोजले, असं सांगतात. हॅट घडवणाऱ्या बोलर बंधूंचं नाव तिला पडलं. लॉकच्या दुकानात मात्र तिला अजून ‘कोक’च म्हणतात. १६७६ पासून चालू असलेल्या दुकानाला एवढा हट्ट शोभतो.

आता माप. हॅट जिथे बसते तिथेच टेप धरायची : भुवयांच्या बोटभर वर, कानांच्या जरा वर, मागे डोक्याचा जो उंचवटा असतो त्यावरून. शिंप्याची टेप नसेल तर दोरी चालते. टेप आवळू नका, एक बोट शिरेल इतकी सैल ठेवा. आलेला आकडा सेंटिमीटरमध्ये असेल तर तेच युरोपीय माप. अठ्ठावन्न आले की अठ्ठावन्न नंबर. इंग्लंड-अमेरिकेला एवढं सोपं कसं चालेल? ते घेर मोजत नाहीत, डोकं गोल आहे असं धरून त्याचा व्यास इंचात सांगतात. घेर इंचात घ्या, ३.१४ नं भागा, जवळच्या अष्टमांशावर आणा. अठ्ठावन्न सेंटिमीटर म्हणजे पावणेतेवीस इंचांहून थोडं जास्त. भागलं की सव्वासात. हे अमेरिकी माप. इंग्लंडचं माप याहून एक अष्टमांश कमी लिहितात, म्हणजे तीच हॅट तिथे ७ १/८.

अष्टमांशाचं आपल्या आजोबांना काही वाटलं नसतं. रुपयाचा आठवा भाग दोन आणे. ७ १/८ म्हणजे सात रुपये दोन आणे. आणि एक छान योगायोग असा, की घेर एक सेंटिमीटरनं वाढला की व्यास जवळपास नेमका एक अष्टमांश इंचानं वाढतो. त्यामुळे दोन्ही पद्धतींच्या पायऱ्या बरोबर जुळतात. एक सेंटिमीटर, दोन आणे.

तेव्हा माझ्या हॅटमधली ७ १/८ ची चिठ्ठी इंग्लिश धरली तर हॅट अठ्ठावन्न, अमेरिकी धरली तर सत्तावन्न. चिठ्ठीवर देशाचं नाव नव्हतं. घामपट्टीच्या आत टेप फिरवली : अठ्ठावन्न. जुनं चामडं घामानं आणि कोरड्या हवेनं आटतं, त्यामुळे जुनी हॅट मापानं कमीच भरते, जास्त सहसा भरत नाही. म्हणजे माप इंग्लिश. जुन्या बाजारातला तो विक्रेता खरं बोलला होता, याचं मला जरा आश्चर्यच वाटलं.

पण घेर सारखा असला म्हणून हॅट सारखी बसते असं नाही. डोकं वरून गोल नसतं, लांबट असतं, आणि कुणाचं जास्त लांबट. तुमची हॅट कपाळाला आणि मागे रुतत असेल, पण कानांच्या वर फट राहत असेल, तर माप चुकलेलं नाही, आकार चुकला आहे. मोठं माप घेतलं तर ती वाऱ्यानं उडेल. मऊ फेल्टची असेल तर घामपट्टीजवळचा भाग किंचित वाफवून, दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून तिला लांबट करता येतं आणि दोन-चार दिवस घातली की ती डोकं शिकते. बोलर शिकत नाही. म्हणून टणक हॅटसाठी १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये एक अजब यंत्र निघालं. टाइपरायटरच्या पट्ट्यांचा मुकुट करावा तसं ते दिसतं. डोक्यावर ठेवलं की भोवतीच्या पट्ट्या डोक्याच्या आकारानं सरकतात आणि वरच्या झाकणातल्या कागदावर टाचण्यांनी त्या आकाराची छोटी प्रतिकृती टोचली जाते. तो कागद कापून ठेवायचा. पुढच्या वेळी गिऱ्हाईक नाही आलं तरी त्याचं डोकं दुकानात असतं. या छोट्या आकृत्या पाहिल्या की कळतं, कुणाचंच डोकं दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. एक बाजू फुगीर, एक कोपरा चेपलेला. काही तर चक्क बटाट्यासारख्या.

भारतात सगळ्यांत जास्त वेळा छापली गेलेली हॅट कुठली, असं विचारलं तर मी भगतसिंगांची म्हणेन. १९२९ च्या एप्रिलमध्ये, असेंब्लीत बॉम्ब टाकण्याच्या थोडं आधी, दिल्लीच्या एका स्टुडिओत काढलेलं ते छायाचित्र रिक्षांच्या मागे, शाळांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर आहे. त्याच्या आधी, डिसेंबर १९२८ मध्ये, लाहोरहून निसटताना तरुण साहेब झाले होते भगतसिंग, त्यांच्या मेमसाहेब झाल्या होत्या दुर्गाभाभी, आणि सामान उचलणारा नोकर झाले होते आपले खेडचे राजगुरू. शीख तरुणाला शोधणाऱ्या पोलिसांसमोरून एक हॅटवाला पहिल्या वर्गाच्या डब्यात चढला. केस कापल्याशिवाय ती हॅट त्यांच्या डोक्यावर बसलीच नसती. लांब केसांच्या बुचड्याला पगडी सामावून घेते, ठोकळ्यावर घडलेला माथा घेत नाही.

मऊ फेल्टच्या या हॅटची नावं मात्र नाटकी आहेत. फेडोरा हे व्हिक्तोरियें सार्दूच्या १८८२ च्या नाटकातल्या राजकन्येचं नाव, भूमिका सारा बर्नहार्टची. ट्रिल्बी ही जॉर्ज द्यु मोरिए यांच्या १८९४ च्या कादंबरीची नायिका. दोन पुरुषी हॅट, दोन्ही बायकांच्या नावाच्या. फेडोराचा काठ रुंद, ट्रिल्बीचा अरुंद आणि मागे वर वळलेला; बाकी दुकानदार म्हणेल ते.

खळी पाडायची असेल तर चहाची किटली पुरते. कुकरच्या शिटीवर हॅट धरू नका. त्या वाफेला दिशाच नसते आणि हात भाजतो. किटलीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर माथा फिरवत राहा, वीस-तीस सेकंद. बोटांना फेल्ट ओलं न लागता नरम लागलं की तळहाताची कड माथ्यावर पुढून मागे हलकेच दाबा; ही मधली खळी. मग पुन्हा थोडी वाफ, आणि पुढे दोन्ही बाजूंना अंगठा आणि बोटांनी चेप द्या. मागचा भाग मोकळा ठेवला तर वरून पाहिल्यावर थेंबाचा आकार दिसतो. घाई करून एकाच वेळी खोल दाबू नका. फेल्टला सुरकुती पडते आणि ती सुरकुती केस जसे मागे सरकत नाहीत तशी मागे जात नाही. थंड होईपर्यंत हात लावू नका. बाक आलेला काठही असाच वाफवून, टेबलाच्या कडेवर फिरवत सरळ होतो. माझ्या हॅटच्या पापडाला दोन संध्याकाळ लागल्या.

पुढे पाडलेला तो चेप हॅट उचलायचं हँडल असल्यासारखा दिसतो आणि सगळे सिनेमातले नायक त्यालाच धरून हॅट उचलतात. फेल्ट काही वर्षं हे सोसतं. गवताची हॅट सोसत नाही. हे मी नागपूरच्या मे महिन्यात शिकलो. उकाड्यात दर पाच मिनिटांनी मी माझी पनामा चिमटीत धरून उचलत होतो आणि तिसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी चेपाच्या टोकाला सुतळी तुटावी तसा आवाज आला. कोरड्या हवेत गवत ठिसूळ होतं, एवढी साधी गोष्ट. ती विणणारे लोकही हे जाणतात. बारीक काम ते पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या दमट हवेत करतात.

पनामा हॅट पनामाची नाही, इक्वादोरची. तिथल्या किनारी भागातल्या मोंतेक्रिस्ती आणि हिपिहापा, आणि डोंगरातलं क्वेंका ही तिची गावं. माडाच्या झावळीसारखी दिसणारी, पण माडाच्या कुळातली नसलेली तोकिया नावाची वनस्पती असते, तिच्या कोवळ्या पानांच्या शिरा काढून, उकळून, वाळवून बारीक चिरतात आणि त्या विणतात. हा माल पनामाच्या बंदरांतून जगात जाई, म्हणून ते नाव. कालव्याचं काम पाहायला १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट गेले, तेव्हा तसली हॅट घातलेलं त्यांचं छायाचित्र प्रसिद्ध झालं आणि चुकीचं नाव कायमचं पक्कं झालं. या विणकामाला युनेस्कोनं २०१२ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

खरी पनामा ओळखायला हॅट उजेडासमोर धरून आतून माथ्याकडे पाहा. मधोमध विणीची सुरुवात फुलासारखी दिसते, आणि तिच्याभोवती तळ्यातल्या तरंगांसारखी वर्तुळं. विणकर नव्या काड्या जिथे जिथे जोडतो तिथे एक वर्तुळ. वीण बारीक तशी वर्तुळं जवळजवळ. उत्तम हॅटच्या काठाची कड परत आत विणलेली असते, शिवून दुमडलेली नसते. कागदाची नक्कल यात पकडली जाते : तिची प्रत्येक काडी सारख्या रंगाची, सारख्या जाडीची आणि पीळ दिलेली, एखादी सुटी करून ओली केली की तिचा लगदा होतो. आपल्या समुद्रकिनाऱ्यांवर जे ‘पनामा’ म्हणून मिळतं ते बहुतेक हेच. उन्हापासून बचाव तेही करतं, त्याबद्दल तक्रार नाही.

इंग्रज साहेबांच्या जुन्या खाकी सोला हॅटबद्दल एकच गैरसमज दूर करतो. सोला म्हणजे सूर्य नव्हे. बंगालच्या पाणथळीत वाढणारं शोला नावाचं झुडूप आहे. त्याचा पांढराशुभ्र, थर्मोकोलसारखा गाभा म्हणजे सोला. बंगाली नवऱ्या मुलाच्या डोक्यावरचा टोपोर याच गाभ्याचा. जुनी खाकी हॅट हातात घेतल्यावर ‘अरे, हिला वजनच नाही’ असं वाटलं तर ती सोल्याची. जड लागली तर बूच किंवा दाबलेला कागद.

सांभाळण्याचं म्हणाल तर मुंबई-कोकणचा पावसाळा आणि कसर हे दोन शत्रू. हॅट माथ्यावर उलटी ठेवा, म्हणजे काठ चपटा होत नाही. भिजली तर घामपट्टी बाहेर वळवून, तिच्यावर उभी करून पंख्याखाली वाळू द्या. इस्त्री, हीटर, दुपारचं ऊन नको. धूळ मऊ ब्रशनं झाडा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं, कारण कारखान्यात लव बहुधा त्याच दिशेला बसवलेली असते. लाकडी कपाटात डांबराच्या गोळ्या टाका, पण हॅटला चिकटून नको. कसर लोकर आणि फर यांत भेद करत नाही. तिला दोन्ही आवडतात.

काठ सरळ झाला, खळी पुन्हा पडली, लव वर आली. मग मी माझी करडी हॅट आरशासमोर डोक्यावर ठेवली आणि ती थेट कानांवर उतरली. माझं डोकं सत्तावन्न. वर्तमानपत्राची नवी घडी करायला घेतली, तेवढ्यात खिशातल्या जुन्या पट्ट्या आठवल्या. एक पुढे सरकवली, एक मागे. हॅट बसली.